तुटलेला बोल्ट काढण्याआधी तो कसा तुटला ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यातल्या एका तरुणाने आजोबांची १९७०च्या दशकातली बुलेट ३५० गोठ्यातून बाहेर काढली. चौदा वर्षं ती कडब्याशेजारी उभी होती. इंजिन खोलताना तीन ठिकाणी अडलं. सिलिंडरचा ब्लॉक ज्यावर बसतो त्या क्रँककेसमधला (इंजिनच्या खालच्या पेटीतला) एक स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, तुटला, बारा-एक मिलिमीटर वर शिल्लक आहे. टायमिंग कव्हरच्या दोन स्क्रूंच्या खाचा पूर्ण गेल्या. आणि हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या भागात, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) धरणारा एक बोल्ट अगदी हेडच्या पातळीला तुटला. त्यात ईझी आऊट (तुटलेला बोल्ट फिरवून काढायचं हत्यार) घालून फिरवला, तर तोही आतच तुटला. गावातला वेल्डर म्हणतो, ड्रिल मारून उडवून देऊ. मुलाचा प्रश्न : उडवू का?

भाऊ, नका उडवू. आठ दिवस हातात पाना धरू नका. गाडी चौदा वर्षं थांबली आहे, आणखी आठ दिवसांनी काही बिघडत नाही. आजवर माझ्याकडे आलेल्या अशा इंजिनांमध्ये सर्वांत जास्त नुकसान बोल्ट तुटताना झालेलं नव्हतं. ते झालं होतं तुटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, माणूस चिडलेला असताना.

मी पस्तीस वर्षं हे काम करतोय. सुरुवात नांदेडला एका उस्तादांकडे केली, पुढे लातूरला स्वतःचं गॅरेज टाकलं. उस्तादांची एक सवय होती. बोल्ट तुटला की ते आधी तुटलेला तुकडा हातात घेऊन उजेडात धरायचे आणि विचारायचे, ‘हा आवळताना गेला की सोडताना?’ तेव्हा मला वाटायचं, काय फरक पडतो. सगळा फरक तिथेच पडतो.

आवळताना तुटलेला बोल्ट म्हणजे कुणीतरी जास्त जोर लावला आणि मान मोडली. मान मोडली की ताण संपला. आत राहिलेला तुकडा बहुतेक वेळा सैल असतो, कारण आट्यांना काही झालेलंच नसतं. अशा तुकड्याला सेंटर पंच कडेला टेकवून हलके ठोके दिले तरी तो फिरायला लागतो. सोडताना तुटलेल्या बोल्टचं तसं नसतं. तो तुटला याचाच अर्थ आट्यांमधली पकड बोल्टच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. आता विचार करा. आठ मिलिमीटरचा अख्खा बोल्ट जे फिरवू शकला नाही, ते त्याच्या पोटात भोक पाडून घातलेला चार मिलिमीटरचा ईझी आऊट कसं फिरवणार? पिळ सोसायची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जाडी निम्मी झाली की ताकद आठवा हिस्सा उरते. ईझी आऊटचं पोलाद कडक असतं म्हणून थोडं जास्त सोसतं, पण कडक म्हणजेच ठिसूळ, वाकत नाही, काचेसारखं तुटतं. शिवाय तो निमुळता असतो. जितका आत जातो तितका तुकड्याला आतून फुगवतो, आणि आधीच जाम असलेला तुकडा भोकाच्या भिंतीवर आणखी दाबून बसतो. म्हणून ईझी आऊट फक्त आवळताना तुटलेल्या बोल्टसाठी. गंजून जाम झालेल्याला मी तो गेली वीस वर्षं लावलेला नाही. त्याआधी लावला होता. एका शिक्षकांच्या येझदीमध्ये माझ्या हातून तो तुटला, ते काढण्याच्या नादात क्रँककेसचा कान गेला, आणि दुसरा क्रँककेस शोधून देईपर्यंत पाच महिने मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची.

तुमचे तिन्ही सोडतानाच अडलेले आहेत. का, तेही समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो.

बुलेटचा क्रँककेस आणि हेड ॲल्युमिनियमचं, जुन्या गाडीचा ब्लॉक बिडाचा, आणि स्टड-बोल्ट पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल असेल तर तिथे बॅटरीच्या सेलसारखी क्रिया चालू होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये भरून बसते. पोलाद आपल्या बाजूने गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये जागा नसते, म्हणून तो दाबून बसतो. आता गोठा डोळ्यांसमोर आणा. गोमूत्र, त्यातून उठणारा अमोनिया, क्षार, पावसाळ्यात ओला होणारा कडबा. आपल्या मराठवाड्याची हवा कोरडी, उघड्यावर पत्र्याखाली उभी राहिलेली गाडी बऱ्यापैकी टिकते. पण गोठ्यातली गाडी कोकणातल्या गाडीसारखी खाल्लेली निघते. अंबाजोगाईहून आलेल्या एका राजदूतचं मॅग्नेटचं झाकण मी असंच पाहिलंय, बोटाने खरवडलं की पांढरं पीठ.

तर आता एकेक घेऊ. सोप्यापासून.

टायमिंग कव्हरचे स्क्रू तुटलेले नाहीत, फक्त खाचा गेल्यात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना ग्रिप प्लायरने ओरबाडू नका. आधी स्क्रूच्या डोक्यावर बरोबर मध्ये सपाट पंच ठेवून दोन-तीन नेमके ठोके द्या. पंच डोक्याएवढाच जाड हवा, हातोडी मध्यम. ठोक्याने आट्यांमधला गंज भुकटी होऊन फुटतो. नंतर छिन्नीने नवीन खाच पाडा आणि ठोक्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. हातोडीचा मार बसताच तो फिरतो आणि त्याच क्षणी बीट खाचेत दाबलेलं राहतं, म्हणून निसटत नाही. तरी नाही आला, तर स्क्रूचं डोकंच ड्रिलने काढून टाका. स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित मोठं ड्रिल घ्या, डोकं चकतीसारखं सुटून येईल. लोक याला घाबरतात, पण डोकं गेलं की आवळणीचा ताण संपतो. कव्हर उचललं की खाली बोटभर खुंटी उभी राहते, आणि दहापैकी सात वेळा ती ग्रिप प्लायरने सहज फिरते.

आता स्टड. बारा मिलिमीटर वर आहे म्हणजे धरायला जागा आहे. पण धरायची घाई करू नका, आधी त्याला भिजवा. रॉकेल किंवा डिझेल घालून रात्रभर ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, नसल्यापेक्षा बरी. गंज सुटवायचा चांगला स्प्रे तिच्यापेक्षा आत जातो. मी स्वतः ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ ऑइल समसमान मिसळून वापरतो. हे दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते, आणि ॲसिटोन पेट्रोलसारखंच पेटतं. सकाळ-संध्याकाळ चार थेंब, आणि दर वेळी स्टडच्या टोकावर पंचाने दहा-बारा हलके ठोके. ठोके विसरू नका. नुसतं तेल गंजावर बसून राहतं, ठोक्याने पडलेल्या बारीक भेगांमधून आत उतरतं. असं चार दिवस करा.

मग उष्णता. याच्याइतकं खात्रीचं काही नाही, आणि याच्याइतकं चुकीचं वापरलेलंही काही नाही. बहुतेकजण गॅसची ज्योत स्टडवर धरतात. स्टड तापून फुगतो आणि भोकात आणखी घट्ट होतो. तापवायचा असतो तो स्टडच्या भोवतीचा क्रँककेस. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. आठ मिलिमीटरचं भोक सव्वाशे अंशांनी तापवलं तर स्टडच्या मानाने ते साधारण एक शतांश मिलिमीटरने मोकळं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं.

किती तापवायचं हे ॲल्युमिनियम सांगत नाही. लोखंड तापलं की लाल होतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण वितळेपर्यंत रंगच बदलत नाही. दिसतं तसंच दिसत राहतं आणि एकदम खाली ओघळतं. म्हणून घरातली खूण वापरा. भाकरीचा तवा तापला का हे आई पाण्याचे थेंब शिंपडून बघते ना, तसं. थेंब चर्र करून लगेच उडून गेला की बस. तिथून पुढे ज्योत काढा. ज्योत एका जागी धरू नका, स्टडभोवती चार बोटांच्या परिघात फिरवत राहा, म्हणजे एकाच बाजूला ताण येऊन क्रँककेस तडकत नाही.

आणि हे सगळं गोठ्यात करू नका. टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवून लांब ठेवा, कडबा, सरकी, भुसा यांच्यापासून दूर मोकळ्या अंगणात काम करा, जवळ वाळूची बादली ठेवा. ब्रेक क्लीनरने भाग पुसला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय ज्योत किंवा वेल्डिंग जवळ आणू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं, ते वेल्डिंगच्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार करतं. थोडासुद्धा फुप्फुसाला घातक. माझ्या गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या दिवशी तो डबा कपाटात कुलूपबंद असतो.

क्रँककेस तापलेला असतानाच साधी मेणबत्ती स्टडच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. मग ग्रिप प्लायर किंवा स्टड काढायचा पाना लावा, आणि आधी आवळायच्या दिशेने किंचित. हो, आवळायच्या. पाव आटासुद्धा नाही, केसाएवढं हललं तरी पुरे. मग सोडायच्या दिशेने. मग परत. दोन पुढे, एक मागे. या वेळी हाताला काय लागतंय तिकडे सगळं लक्ष द्या. ‘टक्क’ असा कोरडा झटका आला तर पकड सुटली. कुरकुर आवाज करत जड फिरत असेल तरी चांगलं, तेल घालत राहा. पण पाना रबरासारखा मऊ फिरतोय आणि सोडला की मागे येतोय असं वाटलं, तर स्टड फिरत नाही, पिळला जातोय. तिथेच हात थांबवा आणि केस पुन्हा तापवा. हे एक ओळखायला शिकलात तर निम्मे बोल्ट तुटणार नाहीत.

तीन वेळा तापवूनही नाही आला, तर त्या बारा मिलिमीटरवर नट वेल्ड करा. हे तुमच्या गावातल्या वेल्डरचं काम आहे, आणि तो चांगला असेल तर उत्तम करील. स्टड तारेच्या ब्रशने पांढरा करा. त्याच्यापेक्षा एक माप मोठा, प्लेटिंग नसलेला नट घाला. प्लेटिंगचा जस्त वेल्डिंगमध्ये धूर करतो आणि जोड कच्चा राहतो. नटच्या आतून भरत या. खाली ॲल्युमिनियमवर ठिणग्या पडू नयेत म्हणून ओलं गोणपाट गुंडाळा. एखादी ठिणगी पडलीच तरी पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, पण पॅकिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डा पडतो. अर्थिंगचा चिमटा त्याच क्रँककेसवर, स्टडच्या शक्य तितक्या जवळ लावा. लांब फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. बॅटरी आणि वायरिंग सोडून ठेवा. वेल्ड झाल्यावर लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, हात जवळ नेता येईल इतका वेळ थांबा, मग पुढे-मागे करत फिरवा. स्टड तापताना फुगून भोकाला दाबतो आणि निवताना आकसतो, तेव्हा गंजाची पकड सुटते. पहिला नट तुटला तर दुसरा वेल्ड करा. मी एका स्टडवर पाच वेळा केलंय, पाचव्या वेळी तो हाताने आला.

इथे एक आडवा मुद्दा. ब्लॉक वर ओढताना बुलेटच्या टॅपेटच्या झाकणाआतले नट सुटले होते ना? बाहेरचे नट काढून लोक पट्टी घालून ब्लॉक उचकटतात आणि आतले तसेच राहतात. तुमचा स्टड त्यामुळेही वाकून कमजोर झालेला असू शकतो. उरलेला तुकडा सरळ आहे का ते गुण्याने तपासा. वाकलेला स्टड फिरताना आटे खरवडत येतो.

आता तिसरं, हेडमधला बोल्ट आणि त्यातला ईझी आऊट. इथे माझं मत ठाम आहे : यावर घरी काहीही करू नका. ईझी आऊटचं पोलाद फार कडक असतं. साधं ड्रिल त्यावर टिकत नाही, बाजूला घसरतं आणि भोवतीच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. वेल्डरने उडवलं तर हेच होणार. बोल्ट तिथेच राहील आणि शेजारी अंड्याच्या आकाराचं भोक पडेल.

यासाठी स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कुरतडणारं यंत्र, हवं. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीत टूलरूम आहेत, डाय आणि साचे तिथे याच यंत्रावर बनतात. १९८५ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहान-मोठे उद्योग वाढले, त्यामुळे असं काम आपल्या मराठवाड्यातच होतं, पुण्याला जायची गरज नाही. यंत्राचा तांब्याचा इलेक्ट्रोड बोल्टला टेकत नाही, केसभर अंतरावरून हजारो बारीक ठिणग्या पाडतो आणि प्रत्येक ठिणगी धातूचा कण उडवते. सगळं तेलात बुडवून होतं. पोलाद कितीही कडक असलं तरी फरक पडत नाही, आणि ॲल्युमिनियमवर जोर अजिबात पडत नाही. दुकानात जाऊन ‘तुटलेला टॅप बर्न करून द्या’ म्हटलं की त्यांना कळतं (टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार). सांगताना एवढं सांगा की पूर्ण बोल्ट जाळू नका, फक्त ईझी आऊट आणि बोल्टचा मधला गाभा काढा. उरलेली पातळ नळी आत दुमडून चिमट्याने निघते आणि मूळ आटे वाचतात. हेड नेण्याआधी व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, सगळं काढून हेड रिकामं करा आणि रॉकेलने धुवा. पॅकिंगच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधा, एसटीत मांडीवर ठेवा, डिकीत नको.

तुम्हाला कुणीतरी तुरटीचा उपाय सांगेल. तो खोटा नाही. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियमला जवळपास काही होत नाही. घड्याळजी पितळात अडकलेले पोलादी स्क्रू असेच काढतात. नुसत्या कव्हरमध्ये बारीक स्क्रू तुटला असेल तर मीही करतो, दोन-तीन दिवस लागतात. पण हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट आणि गाईड बसवलेल्या असतात. तुरटी बोल्ट आणि सीट असा भेद करत नाही. हेड त्यात बुडवू नका.

त्या बोल्टचं आणखी एक सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रॉकरच्या इतर बोल्टांची डोकी साधी आहेत आणि तुटलेल्याच्या डोक्यावर ८.८ हा मेट्रिक बोल्टच्या ताकदीचा आकडा कोरलेला आहे. म्हणजे तो नंतर कुणीतरी घातलेला मेट्रिक बोल्ट आहे. माझ्या मते या बोल्टच्या त्रासाचं मूळ इथे आहे.

बुलेट मद्रासला १९५५पासून बनायला लागली ती इंग्लंडच्या आराखड्यावर, म्हणून जुन्या गाडीत बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश आटे आहेत. राजदूत पोलंडच्या एसएचएलवरून आली, मैसूरची जावा-येझदी चेकोस्लोव्हाकियाच्या जावावरून. या दोन्ही मेट्रिक. आपल्या गॅरेजमध्ये तिन्ही गाड्यांचे बोल्ट एकाच डब्यात पडतात, आणि घोटाळा तिथे होतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्याचा ब्रिटिश बारीक आटा इंचाला २६, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.९८ मिलिमीटर. सहाच्या मेट्रिक बोल्टचं अंतर १ मिलिमीटर. फरक इतका कमी की सहाचा बोल्ट पाव इंचाच्या भोकात गोडीने फिरत जातो. आवळला की आट्यांच्या टोकांवरच टेकलेला असतो, कधीतरी आटे घेऊन बाहेर येतो. पाच-सोळांश इंचाचं उलटं आहे. तो ७.९४ मिलिमीटर, आणि मेट्रिक आठ. जाडी जवळपास सारखी, पण ब्रिटिश आटे इंचाला २२ किंवा २६ आणि मेट्रिक दर सव्वा मिलिमीटरला एक. आठचा बोल्ट दोन फेरे जातो आणि जाम होतो. मिस्त्री पान्याला पाईप लावतो, तो आपले आटे पाडत आत घुसतो आणि कायमचा बसतो. तुमचा बोल्ट असाच बसवलेला असणार असं मला वाटतं. आटे मोजायचा गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ब्रिटिश आणि मेट्रिक दोन्ही पात्यांचा घ्या. शेजारचा चांगला बोल्ट मोजा आणि त्यावरून ठरवा. ब्रिटिशमध्येही दोन प्रकार आहेत. बीएसएफच्या, म्हणजे वर सांगितलेल्या ब्रिटिश बारीक आट्याचा कोन ५५ अंश, सायकल आट्याचा ६०. पाव इंचाला दोघांचेही आटे २६च, म्हणून नुसतं मोजून कळत नाही, गेजचं पातं आट्यात टेकवून उजेडाकडे धरून फट बघावी लागते.

ड्रिल करावंच लागलं, म्हणजे स्टड वेल्डिंगनेही नाही आला आणि तुटून पातळीला गेला, तर हाताच्या ड्रिलने अंदाजाने मारू नका. लेथवाल्याकडून एक छोटा बुश, म्हणजे आरपार भोकाची नळी, करून घ्या. बाहेरचं माप ब्लॉकच्या फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल असं, आतलं बरोबर तीन मिलिमीटर. ब्लॉक जागेवर ठेवा, बुश त्या भोकात घाला, आणि ड्रिल बुशमधून मारा. मग ते मध्यातून सुटूच शकत नाही. उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर तेच घ्या, पुष्कळदा भोक निम्मं झालं की तुकडा स्वतःच ड्रिलला धरून बाहेर येतो. वेग कमी, धार नवी, तेल भरपूर. तीन, मग साडेचार, मग आटे पाडण्याआधी मारतात त्या भोकाचं माप. आठच्या मेट्रिकला ६.८, सहाच्याला ५. ब्रिटिशला तक्ता बघा. उरलेले आटे स्प्रिंगसारखे सुईने उचलून निघतात. क्रँककेसच्या तोंडात तेल लावलेलं सुती कापड गच्च कोंबा, चिंधी सुटी नको. लोखंडाचा एक कण ऑइल पंपात गेला की पुढचं इंजिन खोलायचं काम तोच काढतो.

आटे खराब झाले असतील तर हेडमध्ये हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवा, ते मूळ मापाचेच आटे परत देतं आणि पोलादाचं असल्याने ॲल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतं. क्रँककेसच्या स्टडसाठी मला पायरीचा स्टड आवडतो. खालचा भाग एक माप जाड, वरचा मूळ मापाचा, लेथवर एका तासाचं काम. फक्त तो कशाचा करायचा ते तुम्ही सांगा. लेथवाला हाताशी असलेला साधा एमएस (मऊ पोलादाचा) रॉड घेईल. तो काही दिवसांत ताणला जातो आणि ब्लॉकखालून तेल यायला लागतं. ईएन ८ किंवा ईएन २४ या जास्त ताकदीच्या पोलादाचा मागा. स्टेनलेस चकचकीत दिसतं म्हणून करू नका. ते ॲल्युमिनियमला आणखी जास्त खातं, आणि त्याचे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात.

बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस किंवा ग्राफाईटचं ग्रीस बोटाने हलकं लावा, जास्त नको. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचलेलं असेल तर हवेने उडवून कोरडं करा. तेल दाबलं जात नाही. वरून बोल्ट उतरला की ते भोकाची भिंत फोडतं, मी असा फुटलेला क्रँककेस पाहिला आहे आणि मालकाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं काय झालं. ग्रीस लावलेले आटे कोरड्यापेक्षा सोपे फिरतात, म्हणून टॉर्क पाना असेल तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी ठेवा. नसेल तर छोटा पाना घ्या आणि मधोमध धरा.

स्टड आणि रॉकर बोल्टचं माप घेतलंत की लेथवाल्याकडे जाण्याआधी मला कळवा : बाहेरचा व्यास कॅलिपरने, इंचाला किती आटे, आणि गेजचं कोणतं पातं बसलं. स्टडची एकूण लांबी शेजारच्या स्टडवरून घ्या, तुटलेले तुकडे जोडून नको, पिळताना ते लांबलेले असतात.